दोन कांड्यांपुरतं दूध

माझी लेक सध्या बाळंत होऊन आमच्याकडे आली आहे, आणि तिला भेटायला येणारी एखादी तरी पोरगी मला हमखास विचारते, "काकू, तुम्ही तुमच्या टायमाले कसं केलं जी?" मी मान हलवते, चहा ढवळते आणि फार काही माहीत असल्यासारखी गप्प बसते. आजीच्या पदावर बसलेल्या बाईने गप्प बसलेलंच बरं. मी तेव्हा जे केलं ते इतकं बिनडोक होतं, की आमच्या गल्लीत एखाद्या सुनेने जरा जास्त शहाणपणा केला तर म्हाताऱ्या अजूनही माझ्याकडे पाहून खोकतात. आता त्या खोकल्याचा अर्थ लेक विचारायला लागली आहे. तिला दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच लावून सांगते.

गोंदिया भंडाऱ्यापासून तुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझं माहेर सानगडीचं, धानाचं घर. सासर मोहाडीकडे, विणकरांच्या गल्लीत. ओसरीत दोन माग होते, एक माझ्या नवऱ्याचा आणि एक मोठ्या दिराचा. मी बारावी पास, शिवाय उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला मावशीकडे राहून आलेली. ती सुटी मी चार वर्षांच्या नोकरीसारखी सांगायची. "नागपूरला असं करतात" हे माझं वाक्य सासरी इतक्यांदा ऐकून झालं होतं, की मी तोंड उघडण्याआधीच माझी जाऊ विचारायची, "नागपूरले का करतेत बाई?" त्यात जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यापासून माझ्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. एवढा मोठा जिल्हा वेगळा निघतो, तर आपण दोन खोल्या घेऊन वेगळं निघायला काय हरकत आहे? नवऱ्याला हे मी दोनदा बोलून दाखवलं. तो दोन्ही वेळा झोपी गेला.

पहिलं बाळंतपण माहेरचं. पण माझे दिवस भरले ते ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत. माहेरची सगळी माणसं गुडघाभर चिखलात उभी, आई सकाळी बांधीत उतरायची ती दिवेलागणीला घरी. तिने निरोप धाडला, "पोरीले पाहाले घरी कुत्रंबी नाही. यंदा तिकडेच राहू द्या." माझ्यापेक्षा धान महत्त्वाचं झालं म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग मुलगी झाली आणि तोंड फुगवायला वेळ उरला नाही.

पहिला सव्वा महिना मी राणीसारखा काढला. सासू अंगाला तेल लावायची, शेक द्यायची, खारीक-खोबरं कुटून खाऊ घालायची. दूध एवढं होतं की चोळ्या वाळवायला दोरी पुरत नव्हती. जाऊ म्हणायची, "बाई, तुले गवळ्याच्या घरी द्याले पाहिजे होती."

आता विणकराच्या घरची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवरा मागावर बसतो आणि बायको कांड्या भरते. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी. तिच्यावर चरख्याने सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसवायची, धोटा इकडून तिकडे धावतो आणि कापड वाढत जातं. कांडी संपली आणि दुसरी भरलेली नसली, तर माग उभा राहतो. माग उभा राहिला की खटखट थांबते आणि गल्लीभर कळतं. मग एखादी दारातूनच विचारते, "काहून वो, सुनेचा हात चालत नाही का?"

त्या सव्वा महिन्यात माझ्या वाट्याच्या कांड्या सासूने भरल्या. एकदा ती शेजारणीला सांगत होती, "धाकट्याच्या कांड्याबी मीच भरून राहिली बाप्पा. खांदा भरून आला." बिचारीचा खांदा दुखत होता, म्हणून तिने खांदा दुखतो असं सांगितलं. मी मात्र त्यात टोमणा ऐकला. बारावीला मराठीत मला चांगले गुण होते, शब्दामागचा अर्थ काढायची सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी चरखा पुढे ओढला. सासू म्हणाली, "राहू दे वो. पोरगी लहान हाय. दिवाळीपावतर मी भरतो."

"नको," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याच्या कांड्या मीच भरीन आणि पोरीलाही मीच पाहीन. नागपूरच्या बाया नोकरी करून पोरं वाढवतात."

"नागपूरच्या बायांच्या ओसरीत माग हाय का?" जाऊने विचारलं. ती स्वतः चरखा फिरवत होती, आणि तिचा दीड वर्षाचा पोरगा तिच्या पदरात शिरून खुशाल पीत होता. एक हात चरख्यावर, एक हात पोराच्या पाठीवर, आणि तोंडाने माझी थट्टा. मला ते फार गावठी वाटायचं. मी पोरीला पाजायचं तर खोलीत जायची, दार लावायची, कडी घालायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

पण कांड्या आणि पोरगी दोन्ही जमेनात. पोरगी तोंड लावायची आणि ओसरीतून नवरा मागाच्या लाकडावर धोटा आपटायचा, ठक ठक. म्हणजे कांडी आण. मी उठायची, पोरगी रडायची. मी बाहेर आले की सासू माझ्याकडे पाहायची, पण मी नको म्हटल्यावर ती दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतली नव्हती.

मग मला उपाय सुचला. आजही तो आठवला की मी उशीत तोंड घालून हसते. मी आधी दोन कांड्या भरून नवऱ्याच्या हाताशी ठेवायची आणि पोरीला घेऊन खोलीत जायची. पहिली कांडी संपेपर्यंत एक बाजू, दुसरी संपेपर्यंत दुसरी बाजू. ठक ठक झालं की पोरीच्या तोंडात बोट घालून तिला सोडवायचं आणि थेट चरख्यावर. कसा हिशेबशीर कारभार. मी जाऊला ऐकवलंही, "सगळं टायमावर केलं की पोरांना सवय लागते." कसला टाईम ते सांगितलं नाही. तेवढी अक्कल होती.

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दसरा-दिवाळीचं काम आलं, नवऱ्याचा हात भरभर चालायला लागला. त्याचा हात जितका चाले तितकी पोरगी उपाशी. गल्लीतल्या बाया कौतुक करायच्या, "लेकरू झाल्यापासून कसा कमावाले लागला." आणि आत त्याची लेक तोंडातला घास काढून घेतल्यासारखी बोंबलत असायची, कारण खरोखर तेच चाललं होतं.

एकदा तो सूत आणायला तुमसरला गेला. माग दिवसभर बंद. मी पोरीला घेऊन पडले. ती किती वेळ प्यायली देव जाणे, आम्ही दोघीही तशाच झोपलो. त्या दिवशी ती रडली नाही. एखाद्या शेळीला सुद्धा यावरून काहीतरी कळलं असतं. मी विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की पोरीला बाप आवडत नाही. संध्याकाळी तो आला तर मी त्याला दारातच सांगितलं, "तुम्ही घरात असले की ही रडते." तो बिचारा हातपाय धुऊन कितीतरी वेळ पाळण्यापासून लांब बसला.

पुढे पुढे चोळ्या कोरड्या राहायला लागल्या. पोरगी सुकायला लागली, मनगटावरच्या वळ्या गेल्या. मग गल्ली आली. सल्ला द्यायला आमच्या गल्लीत बोलावणं लागत नाही. कोणी म्हणाली दृष्ट लागली, कोणी म्हणाली बाळंतिणीने वांगं खाल्लं असेल. एकीला दुधाचाच संशय आला. दूध बाधलं की नाही ते पाहायचं तर त्यात मुंगी सोडायची, मुंगी मेली तर दूध वाईट. मला चार थेंब बशीत काढायला लावले, बारावी पास बाईने ते काढलेही, आणि मुंगी सोडली. ती पोहली, काठाला लागली, पाय झटकून निघून गेली.

"जित्ती हाय. दूध चांगलं हाय," एक म्हणाली.

"कायचं चांगलं," दुसरी म्हणाली. "त्यात काही असतं त मुंगी बसून प्याली नसती का? निरं पाणी हाय."

दुसरीचं सगळ्यांना पटलं. सगळ्यात आधी मला. आपल्या अंगात दूधच नाही म्हटल्यावर आपला काही दोष राहत नाही, ही मोठी सोय होती. मी नवऱ्याला तुमसरहून डब्याचं दूध आणि बाटली आणायला सांगितली. डबा आला तो मी ओसरीतल्या फळीवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. त्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. नागपूरला मावशीच्या शेजारणीकडे तसाच डबा होता. सासूने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "पोरगी चित्रातली पाहिजे का आपली?" आणि आत गेली.

बाटलीने कांड्यांचं काम मात्र झकास झालं. बाटली कोणीही देऊ शकत होतं. मी ती मोरीतल्या पाण्याने विसळायची, पदराने पुसायची आणि चरख्यावर बसायची. मग पोरीला हगवण लागली. दुपारी फडकी बदलून हात थकले आणि संध्याकाळी ती रडायचीही थांबली. नुसती पाहायची. आधी रडायची तेव्हा माझा जीव जायचा. आता ती रडेना तेव्हा कळलं की जीव जाणं म्हणजे काय.

सकाळच्या पहिल्या गाडीने सासू आणि मी तुमसरला गेलो. डॉक्टरांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर बसली नाही. त्यांनी पुडीतल्या पावडरीचं पाणी तिथेच चमच्याने पाजायला लावलं, ती जरा सावरेपर्यंत बसवून ठेवलं आणि म्हणाले, "बाटली बंद. आईचं पाजा. मागेल तेव्हा, मागेल तेवढं."

"येत नाही," मी म्हटलं.

"पाजाल तर येईल," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सल्ला अगदी बरोबर होता. गल्लीतल्या सल्ल्यांसारखाच हातात ठेवून ते मोकळे झाले, एवढंच.

परतीच्या गाडीत पोरगी कुरकुरायला लागली. सासूने तिला माझ्या मांडीवर टाकलं. "लाव."

"लोक पाहतात बाई."

"लोकं काय सरकीची ढेप खाऊन मोठे झाले? साऱ्यांनी आपापल्या मायचंच पेलं. लाव." तिने आपला पदर सोडून खिडकीच्या गजाला खोचला, माझ्याभोवती तंबू केला आणि समोरच्या बाप्याकडे अशी पाहत राहिली की तो उतरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होता. पोरगी चोखत होती. काही येत नव्हतं, पण चोखत होती.

घरी आल्यावर सासू पहिल्यांदा माझ्याबरोबर खोलीत येऊन बसली. मी पोरीला घेतलं. थोड्या वेळाने ओसरीतून ठक ठक झालं. माझं बोट आपोआप पोरीच्या तोंडात गेलं आणि मी तिला सोडवलं.

"हे का केलं वो?"

"कांडी संपली," मी म्हटलं.

"मंग?"

मग मी तिला सगळं सांगितलं. एक कांडी, एक बाजू. दुसरी कांडी, दुसरी बाजू. सासू माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण तिच्या पोटातून काहीतरी गुरगुरत वर आलं आणि ती हसायला लागली. भिंतीला टेकून, डोळे पुसत, दुखरा खांदा धरून हसत राहिली. "बाप्पा," ती म्हणाली, "म्या तीस वर्सं कांड्या भरल्या, तीन लेकरं पाजली, पण कांडीनं लेकरू मोजाचं मले नाही सुचलं." मग पोरीकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "लाव परत. तो ठोकते त ठोकू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा ताणा बाहेर निघायचा होता. ताणा म्हणजे कापडाचं उभं सूत. मागावर चढवण्याआधी ते गल्लीत लांबच लांब ताणून त्याला खळ लावायची असते, कुंचे फिरवायचे असतात, आणि ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं असतं. एका घराचं हे काम नव्हे. ज्याचा ताणा निघाला त्याच्याकडे सगळी गल्ली येते, कोणी बोलावत नाही, कोणी उपकार मोजत नाही. उद्या तुमचा, परवा त्यांचा. त्या दिवशीही दोन्ही बाजूंनी बाया-माणसं उभी होती, हात खळीने बरबटलेले, आणि सासूने त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून सांगितलं:

"ऐका वो. माझ्या धाकट्या सुनेचं दूध आटून राहिलं. पोरगी बाटलीनं मरता मरता वाचली. हिले आता पोरीपासून उठू द्याचं नाही. धाकट्याच्या कांड्या कोण कोण घेते?"

गल्लीने मला गिळावं असं वाटलं. माझ्या चोळीच्या आतली गोष्ट भर रस्त्यात, दिरासमोर, कुंचा धरलेल्या म्हाताऱ्यांसमोर. पण ताण्याला खळ लावताना कोणाला हात सोडून हसताही येत नाही. एक बाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "दोन दिवस माझ्याकडे पाठव." दुसरी म्हणाली, "शनवारी मी घेतो." मुंगीवाली म्हणाली, "मी बी घेतो, पण मुंगी खोटं बोलत नाही." जाऊ म्हणाली, "उरलेल्या मी भरतो. आन् लेकरू भुकेलं राह्यलं त मले द्या, माझ्या पोट्ट्याचं आता फक्त खेळणं हाय." तेवढ्यात सासू माझ्या नवऱ्याकडे वळली. "आन् तू. सांजच्याले चरख्यावर तूच बसाचं."

आमच्याकडे मागावर बसणारा माणूस चरख्याला हात लावत नाही. तो बायकांचा. नवरा ताण्याकडे पाहत म्हणाला, "लोकं हासतीन, माय."

"हासू दे. पोरगी तुयी हाय का लोकाची?"

तो बसला. ओसरीत, सगळ्यांच्या समोर, मान खाली घालून. जाणारा-येणारा थांबायचा. "का गा, बाळंत कोण झालं तुमच्या घरी?" पहिल्या दिवशी त्याच्या कांड्या इतक्या ढिल्या निघाल्या की धोट्यातून सूत भसाभस सुटायचं आणि शिव्या द्यायला बायको सापडायची नाही, कारण कांडी त्यानेच भरलेली.

मी खोलीत पोरगी लावून बसायची. दाराची कडी सासूने काढूनच टाकली. बाया येऊन बसायच्या, कोणी लसूण सोलत, कोणी पोरीचे पाय चोळत. आता सल्ला कोणी देत नव्हतं. हातात काम असलं की माणूस सल्ले कमी देतो. जाऊ माझ्या पोरीला छातीशी घ्यायची तेव्हा मात्र माझा तिळपापड व्हायचा, कारण पोरगी तिथे घटाघटा प्यायची आणि माझ्याकडे आली की रागाने मूठ आपटायची. जाऊला ते दिसायचं. ती म्हणायची, "माझं घेऊन ताकद आली की तुले चांगली ओढंन. थांब थोडं."

थांबत गेले. दिवाळी जवळ आली तरी चोळी कोरडीच. वाटी-चमच्याने वरचं दूध उकळून द्यायचो, ते कमी करत होतो, पण बंद करायची हिंमत होत नव्हती. एका संध्याकाळी चार-पाच जणी बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "वो पोरी, नवरा कोठी झोपते?"

"इथंच," मी म्हटलं.

"मले दूध कमी पडलं होतं तं माझ्या सासूनं त्याले बैलाजवळ झोपवलं. म्हणे लेकराच्या वाट्यात बापानं शिराचं नाही. आठ दिवसांत दूध आलं आन् बैलबी माजला."

ओसरीत चरखा अचानक बंद पडला, कारण माझा नवरा ऐकत होता. त्यावर जी हसण्याची उकळी फुटली, त्यात मलाही आवरलं नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग वाटलं की मांडीवर काहीतरी सांडलंय. पाहिलं तर चोळी दोन्हीकडून भिजली होती. पोरीच्या गालावरून धार चालली होती आणि ती गडबडून, ठसकून, पुन्हा तोंड लावत होती. गिळण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. सगळ्या बाया नुसता तो आवाज ऐकत बसल्या. सासू तेवढी म्हणाली, "पे माय, पे."

पुढे वाटी-चमचा गेला, मनगटाच्या वळ्या परत आल्या, आणि पोरीने असा काही हक्क गाजवायला सुरुवात केली की सोडायचं नावच घेईना. चालायला लागली, बोलायला लागली, तरी भर पंगतीत येऊन माझा पदर वर करायची. शेवटी जाऊने कडुलिंबाचा पाला वाटून दिला, म्हणाली, "लाव, आपोआप सोडंन." मी चांगला जाड लेप लावला आणि बसले. पोरगी आली, चाखलं, तोंड वाकडं केलं. माझ्याच पदराने सगळा लेप नीट पुसून काढला, आणि परत लागली.